तेरा हजार पोचपावत्या

माझी नाचक्की झाली ती सभ्यपणापायी. एखाद्याची चोरीत होते, लबाडीत होते, गेलाबाजार साहेबांना तोंडावर उलट बोलल्याने होते. माझी झाली ती आलेल्या पत्राला 'आपले पत्र पोचले, आभारी आहोत' एवढं कळवण्यात. पण हे असं एकदम सांगितलं तर तुम्हीही आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांसारखं 'मूळ चूक तिथेच झाली' म्हणून मोकळे व्हाल. म्हणून सोमवारपासून सांगतो.

सोमवारच्या आधी एवढंच झालं होतं, की बायको जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून पडली. शेवटच्या पायरीवरून माणूस पडून पडून पडणार किती, असं मी तिला तिथल्या तिथे म्हणालो, ते ती अजून विसरलेली नाही. घोटा मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, आणि तीन आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, हे डॉक्टरांनी तिच्याऐवजी माझ्याकडे रोखून बघत सांगितलं. घरात आम्ही दोघंच. तिला उठवायचं, बसवायचं, हातात वस्तू द्यायची, सगळं माझ्याकडे आलं. आणि माझी रजा तर वर्ष अर्धं व्हायच्या आत संपलेली. कशात संपली ते विचारू नका, दाढेची भानगड होती.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मुख्य ड्राफ्ट्समन आहे. मुख्य अशासाठी, की दुसरा नाही. साहेब, मी आणि टपाल सांभाळणाऱ्या बाई, एवढाच आमचा लवाजमा. घरून काम करायची परवानगी मागायला मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एक आठवडा करून बघा. शुक्रवारी पाचच्या आत शाळेचे नकाशे समितीला गेले, तर पुढचे दोन आठवडेही घरून करा. नाही गेले, तर सोमवारी सकाळी तुम्ही मला खुर्चीत दिसला पाहिजेत." नकाशे शाळेच्या नव्या इमारतीचे होते, ते ईमेलनेच जायचे होते, आणि समितीकडे नोंदवलेल्या आमच्या ऑफिसच्याच पत्त्यावरून जायचे होते. दुसऱ्या कुठल्या पत्त्यावरून आले तर ते उघडणारसुद्धा नव्हते. बायकोला एकटं टाकून जायचं की नाही, ते आता या एका ईमेलवर होतं.

आता आमच्या ऑफिसची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. आलेल्या प्रत्येक पत्राला त्याच दिवशी पोचपावती जाते. हा साहेबांच्या वडिलांनी घातलेला दंडक. ईमेल आली तेव्हा ही रीत सुटेल असं मला वाटलं होतं, पण बाईंनी ती सुटू दिली नाही. त्या प्रत्येक ईमेल कागदावर छापतात, आवक रजिस्टरमध्ये तिला क्रमांक देतात, आणि मग पोच कळवतात. सव्वीस वर्षांत बाईंच्या रजिस्टरमध्ये एकही खाडाखोड नाही. म्हणून त्यांना आम्ही पाठीमागे रजिस्टरबाई म्हणतो. समोर म्हणायची आमची छाती नाही.

तर सोमवारी ऑफिसात नेटवर्कवाला आला. ऑफिसचा माझा कॉम्प्युटर घरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसेल आणि घरी बसून तो चालवता येईल अशी जोडणी त्याने वीस मिनिटांत करून दिली. काही अडलं तर कधीही फोन करा, असं सांगून तो गेला. त्यानंतर त्याचा फोन लागला तो दोनदाच, त्यातही एकदा त्याच्या बायकोने उचलला आणि सापडले तर त्यांना घरी पाठवा म्हणून मलाच सांगितलं.

घरी येऊन मी जेवणाच्या टेबलाशी बसलो. पडद्यावर माझं ऑफिसातलं टेबल, म्हणजे कॉम्प्युटरमधलं हो, जसंच्या तसं उमटलं. मी बायकोला हाका मारमारून दाखवलं. ती पलंगावरून म्हणाली, छान आहे, पण ती उशी जरा इकडे सरकवता का. मी हो म्हणालो. तेवढ्यात पडदा काळा झाला. ऑफिसचा कॉम्प्युटर दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की झोपी जातो, हे नेटवर्कवाला सांगायला विसरला होता. मी बाईंना फोन करून माउस जरा हलवायला सांगितलं. त्यांनी हलवला. दहा मिनिटांनी परत फोन. तिसऱ्या फोनला त्या म्हणाल्या, तुम्ही काळजी करू नका भाऊ, मी बघते.

त्यांनी बघितलं म्हणजे कसं, ते मला मंगळवारी कळलं. त्यांनी दर दहा मिनिटांनी माझ्या जागेवर जाऊन माउस हलवायला सुरुवात केली होती, आणि त्याची वेगळी वही घातली होती. 'माउस हलवला, १०.१०. माउस हलवला, १०.२०.' पुढे सही. कामात इतकी नेटकी बाई दुसरी नाही. अडचण एवढीच, की मी त्यांना झोपेचं सांगितलं होतं, जागेपणीचं सांगितलं नव्हतं. मी घरून एक भिंत ओढत असायचो आणि बरोब्बर दहा मिनिटं झाली की ती भिंत आपोआप वाकडी होऊन कुठेतरी निघून जायची. दुपारपर्यंत मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरायला दार उरलं नाही, आणि एक जाडजूड खांब मुलींच्या स्वच्छतागृहाच्या मधोमध उभा राहिला. मला वाटलं माझाच हात कापतोय. रक्तदाब मोजून घ्यावा का, असं मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, घ्या, आणि येताना माझं औषध आणा. औषध राहिलंच, कारण मी तेवढ्यात तो खांब काढायला बसलो होतो. त्या खांबाच्या पाठोपाठ बाईंची वही फोनवरून कळली, आणि मी त्यांना माउसला हात न लावण्याची विनंती केली. त्यांना ते लागलं. सांगितलेलं काम मी कधी चुकवलेलं नाही, एवढंच म्हणाल्या.

झोपेवरचा उपाय मी स्वतःच शोधला, चार चौकोनांवर टिचक्या मारून. तेव्हापासून मला आपण या क्षेत्रातले आहोत असं वाटायला लागलं, आणि पुढचे सगळे घोटाळे या वाटण्यातून निघाले.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर जोडणीच लागेना. 'कॉम्प्युटर सापडत नाही,' एवढंच पडद्यावर. मी घरातल्या इंटरनेटच्या डबीवर संशय घेतला आणि वरच्या काकांना बोलावलं. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आल्या आल्या माझ्या पाठीवर हात ठेवला आणि वायरीत पाणी गेलंय म्हणाले. पाऊस चार महिन्यांत पडला नव्हता. मग त्यांनी कपाट सरकवायला लावलं, भिंतीतलं तारांचं झाकण उघडलं, दोन तारा काढून तोंडाने फुंकल्या आणि परत जोडल्या, पण कुठली कुठे ते आता त्यांना आठवेना. आधी नुसतं ऑफिस सापडत नव्हतं, आता आमच्या घरालाच जग सापडेना. काकांनी डबीच्या मागचं एक बटण टोकदार काडीने दाबून धरलं. त्याने सगळं नव्याने सुरू होतं म्हणाले. नव्याने सुरू झालं, आणि डबी पासवर्ड विचारायला लागली.

पासवर्ड कुणाला ठाऊक. मी नि काका डबीसमोर दोन पाहुण्यांसारखे बसून राहिलो होतो. पाठीमागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर बायको खुर्ची पुढे ढकलत, एका पायावर उड्या मारत दारात आलेली. म्हणाली, डबी उलटी करा, पाठीवर लिहिलंय. खरंच लिहिलं होतं. मी तिला रागावलो, की उठलीस कशाला, हाक मारायची. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि तशीच उड्या मारत परत गेली. त्या बघण्याचा अर्थ लावायला मला तेव्हा सवड नव्हती.

संध्याकाळी तारा आपापल्या जागी लागल्या, घराला जग सापडलं आणि उलगडाही झाला. ऑफिसातली इंटरनेटची डबी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी बंद केली होती. दिवे सारखे लुकलुकतात, तापतेही फार, म्हणून तिला अर्धा तास विश्रांती दिली. परत चालू केल्यावर डबीने नवा पत्ता घेतला, आणि मी दुपारभर ऑफिसच्या जुन्या पत्त्यावर दार ठोठावत बसलो होतो. नवा पत्ता म्हणजे चार आकडे. तेही नेटवर्कवाल्याने फोनवर सांगितले, तो फोन नेमका लागला म्हणून. काका म्हणाले, मला आधीच शंका होती.

गुरुवार चांगला गेला. इतका चांगला, की मला भीती वाटायला हवी होती. भिंती सरळ राहिल्या, खांब जागेवर उभे, मुख्याध्यापकांना दार मिळालं. चार वाजता नकाशे पुरे झाले. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, की तुम्हाला येणाऱ्या पत्रांना दोन दिवस पोच गेलेली नाही, हे ऑफिसच्या रीतीत बसत नाही. मला फार ओशाळल्यासारखं झालं. घरी बसलो म्हणून रीत मोडली असं कुणी म्हणायला नको. मी आता या क्षेत्रातला होतो. मी माझ्या ईमेलला एक नियम लावून दिला, की पत्र येईल तसं त्याला आपोआप उत्तर जावं, 'आपले पत्र पोचले, आभारी आहोत.' करून बघितलं, गेलं. मी एवढा खूश झालो, की घरून ऑफिसच्या मुख्य पत्त्यालाही तोच नियम लावून टाकला. बाईंचे श्रम वाचतील असा त्यात विचार होता. मग बाईंना सांगावं म्हणून माझ्या पत्त्यावरून ऑफिसच्या पत्त्यावर एक ओळ पाठवली, की आता तुम्हाला पोच लिहायला नको. नकाशे शेवटचे एकदा उद्या सकाळच्या ताज्या डोळ्यांनी पाहू आणि पाठवू, असं ठरवून मी कॉम्प्युटर बंद केला आणि शांत झोपलो.

माझ्या पत्राची पोच ऑफिसने दिली. ऑफिसच्या पत्राची पोच मी दिली. माझ्या पोचेची पोच ऑफिसने दिली.

शुक्रवारी अकराला बाईंचा फोन आला. त्यांच्या आवाजात चढउतार नसतो, तसा तो आजही नव्हता. "भाऊ, आज टपाल जरा जास्त आहे."

मी विचारलं, जास्त म्हणजे किती. त्या म्हणाल्या, छापून, क्रमांक देऊन दोनशे बारा झाली, कागद संपला म्हणून थांबले आहे, पडद्यावर अजून बारा हजारांच्या वर दिसताहेत, आणि मी बोलतेय तोवर वाढताहेत. दुसरं रजिस्टर काढू का, असं त्यांनी विचारलं. पाठवणारा कोण, हे विचारायचं धाडस मी केलं. "सगळी तुमचीच आहेत. सगळ्यांत एकच मजकूर आहे. तुम्हाला इतके आभार कशाचे मानायचे होते?"

माझी पाचावर धारण बसली. घाईघाईने ईमेलची पेटी उघडली आणि पत्रं पुसायला लागलो. शंभर पुसावीत तर तेवढ्यात वीस नवी. दर पाच-साडेपाच सेकंदाला एक, हा हिशेब मी नंतर केला, तेव्हा नुसता पुसत होतो. काका चौकशीला आले होते ते माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, अहो, खाली पुसत काय बसलाय, वरचा नळ आधी बंद करा. आयुष्यात त्यांनी दिलेला हा एकच बरोबर सल्ला, आणि तो मला स्वतःला सुचला नाही, याचं दुःख आहे. नियम काढून टाकला. साडेबाराला पूर थांबला. एकूण तेरा हजार आणि काही. मी घाम पुसला, शाळेचे नकाशे जोडले, समितीचा पत्ता घातला आणि 'पाठवा' दाबलं.

ते गेले नाहीत. आमच्या पत्त्यावरून संशयास्पद प्रमाणात पत्रं गेल्यामुळे पुढची पत्रं अडवली आहेत, असा तांबड्या अक्षरांत मजकूर आला. संशयास्पद. मी आणि संशयास्पद. तीस वर्षं मी शाईचा डाग न पाडता रेघ ओढत आलोय.

ईमेल कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पाऊण तास एकच गाणं ऐकलं, मग फोन तुटला, मग आणखी अडीच तास तेच गाणं. जो गृहस्थ अखेर बोलला तो सज्जन होता, पण त्याला समजावून सांगणं जिकिरीचं होतं. आमच्या यंत्रणेला तुम्ही माणूस नसून खोडसाळ यंत्र आहात असं वाटतंय, म्हणाला. मी म्हणालो, मी माणूसच आहे. तो म्हणाला, मग तेरा हजार वेळा आभार का मानले. मी आमच्या साहेबांच्या वडिलांपासून सुरुवात केली. त्याने मला मध्येच थांबवलं आणि सांगितलं, की खात्री पटवायला एक सहा आकडी संकेत पाठवतो, तो भरा, पत्रं सुटतील. संकेत कुठे पाठवणार, असं विचारलं तर म्हणाला, त्याच अडवलेल्या पेटीला जोडलेल्या फोनवर. तो फोन म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी नोंदवलेला ऑफिसातला, वायरीचा. त्यावर अक्षरं उमटत नाहीत. त्यामुळे यंत्र बोलून सांगेल, एकदाच. संकेत दहा मिनिटं चालेल, आणि तीनदाच मागता येईल. घड्याळात सव्वाचार झाले होते.

मी बाईंना त्यांच्या मोबाइलवर सगळं सांगितलं आणि पहिला संकेत मागवला. फोन वाजला, बाईंनी उचलला, आणि समोरून आकडे सुरू होताच म्हणाल्या, थांबा जरा, पेन घेते. यंत्र थांबलं नाही. संपलं आणि ठेवून दिलं. असलं उर्मट माणूस मी पाहिलं नाही, असं बाई मला म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी पेन तयार होतं. पण फोन वाजल्यावर साहेबांनीही केबिनमधला उचलला आणि सगळे सहा आकडे होईपर्यंत हॅलो, कोण, हॅलो करत राहिले.

साडेचार वाजून गेले. मी खरं सांगतो, त्या क्षणी मला नकाशांचं काही वाटेना. सोमवारी सकाळी मी दार ओढून निघालोय आणि ती आत एकटी पलंगावर बसलीय, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. साहेबांना मी मोबाइलवर हात जोडून, म्हणजे आवाजातून जोडून, सांगितलं की आता कृपा करून फोनला हात लावू नका. जन्मात प्रथमच मी त्यांना काही करू नका म्हणालो, आणि त्यांनी ऐकलं.

तिसरा फोन आला. बाईंनी ऐकला, काही न बोलता ठेवला. मी म्हणालो, सांगा. मोबाइलमधून नुसती पानं उलटल्याचा आवाज. सांगा ना बाई, म्हणालो. त्या म्हणाल्या, क्रमांक पडल्याशिवाय मजकूर बाहेर देत नाही. तारीख पडली, विषय पडला, पाठवणाऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं यावर त्या थोडा वेळ अडल्या. शेवटी 'एक बाई' असं लिहून त्यांनी मला सहा आकडे वाचून दाखवले, सावकाश, दोनदा, आणि वाचून दाखवल्याची वेळही मांडली. मी ते भरले. 'पाठवा' दाबलं. पाच वाजायला सात मिनिटं कमी असताना शाळेचे नकाशे गेले. समितीच्या कारकुनाला फोन केला, त्याने ते आल्याचं, उघडल्याचं आणि वेळेत असल्याचं सांगितलं. मी खुर्चीतच मागे रेललो. छातीवरचा दगड उतरणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या वेळी कळलं.

साडेपाचला साहेबांचा फोन आला. मी उभा राहून घेतला.

त्यांनी आधी पायाची चौकशी केली. मग म्हणाले, नकाशे वेळेत गेले, मी शब्दाचा पक्का आहे. मी आभार मानले. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"असं करा, तुम्ही पुढचे दोन आठवडे रजाच घ्या. पूर्ण रजा. शिल्लक नाही ते मला ठाऊक आहे, मी बघतो काय ते. ऑफिस कसंही चालेल. पण तुम्ही घरून काम करणं आम्हाला झेपणार नाही."

नेटवर्कवाला सापडेल तेव्हा त्याला बोलावून जोडणी काढून टाकतो, असंही ते म्हणाले.

आता याला काय म्हणायचं? तीस वर्षं ज्या ऑफिसात माझ्यावाचून पान हलत नाही असं मी समजत होतो, त्याच ऑफिसाने मला, घरी राहा पण हात लावू नका, असं सांगितलं. अपमानच होता तो, धडधडीत. पण इतका सुखाचा अपमान माझा जन्मात झाला नव्हता. मी तसाच आतल्या खोलीत गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं, जरा माझ्या बाजूने वळवून. साहेब म्हणाले, आता बायकोकडे बघा, असं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाच दिवस तुम्ही घरात आहात, आणि मी रोज खुर्ची ढकलत स्वयंपाकघरात जातेय. काकू वरून दोनदा जेवण देऊन गेल्या. ऑफिसात असता तेव्हा निदान दुपारी एकदा फोन करून विचारता तरी."

मी बारा हजार नऊशे पत्रं पुसली होती, पण तिला या आठवड्यात मी काय दिलं ते आठवून पाहिलं, तर आठवेना. मी चूक कबूल केली. सरळ, पोच नि बिच न मागता. ती हसली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

"बसा आता," ती म्हणाली, "आणि ती उशी पायाखाली द्या."

मी उशी पायाखाली दिली, प्लास्टरबाहेर आलेली तिची बोटं ओल्या फडक्याने पुसली, आणि तिच्याजवळ बसलो. बाहेर टेबलावर फोन वाजायला लागला. मी उठलो नाही.